निर्दोष सुटले, पण पुरावा दडवणाऱ्यांचे काय झाले?

संपादक महोदय,

मुंबईच्या २००६ मधील लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १२ जणांना निर्दोष ठरवले आणि ‘मग खरे गुन्हेगार कोण?’ असा सवाल सगळीकडून होऊ लागला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असल्याने त्यावर मी काही लिहीत नाही. पण आमच्या नाशिकच्या एका खटल्यात अंतिम निकाल लागून वर्षे उलटली, तरी हा सवाल कोणी विचारताना दिसत नाही.

जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका शेतावरील झोपडीत शिरून दरोडेखोरांनी एकाच कुटुंबातील पाच जणांना ठार मारले, बलात्कारही केला. माय-लेक तेवढे वाचले. या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे तर फार उशिरा मान्य झाले.

मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. का, ते वाचण्यासारखे आहे. वाचलेल्या आईला पोलिसांनी घटनेनंतर दोनच दिवसांत अट्टल गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातील चौघे ओळखले होते. तसा तिचा जबाबही नोंदवला गेला होता. हे चौघे म्हणजे तुरुंगात गेलेले सहा जण नव्हेत, दुसरेच! त्यांना अटक झाली नाही, त्यांच्या दिशेने तपासही झाला नाही आणि तो जबाब सरकार पक्षाने खटल्यात पुढे आणलाच नाही. गंभीर गुन्ह्यात गरीब, भटक्या मजुरांना गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने नोंदवले. अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची महाराष्ट्राने आठवण ठेवावी, असे हे निरीक्षण आहे.

‘उशिरा का होईना, न्याय मिळाला ना!’ असे काही जण म्हणतील. पण तो कशामुळे मिळाला? फाशीच्या खटल्यातील पुनर्विचार याचिका बंद दालनात निकाली न काढता खुल्या न्यायालयात ऐकावी, असा निर्णय २०१४ मध्ये झाला, म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडले. म्हणजे या माणसांना वाचवले ते त्यांच्या फाशीने. साधी जन्मठेप भोगणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्या कागदपत्रांत असा एखादा जबाब दडपलेला असेल, तर तो कोण शोधणार?

न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांचा हिशेब केला तर दिवसाला सुमारे ८५ रुपये. तेही न्यायमूर्तींना वाटले म्हणून. हक्काने मागावे असा कायदाच नाही. विनाकारण अटक घडवून आणणाऱ्याकडून भरपाई मिळवून देणारे कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. त्याची कमाल मर्यादा एक हजार रुपये! चुकीच्या खटल्याने भरडलेल्यांना भरपाईसाठी विशेष न्यायालये असावीत, असे विधी आयोगाने २७७ व्या अहवालात २०१८ सालीच सुचवले होते. त्यानंतर फौजदारी कायदे अख्खे नव्याने लिहिले गेले, पण ही शिफारस काही त्यांत आली नाही.

पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खटकते. हा खटला फसायला जबाबदार असलेले अधिकारी शोधून त्यांच्यावर कारवाई करा, असेही त्या निकालात राज्याच्या गृह विभागाला सांगितले होते. त्या आदेशावर काय केले, हे विभागाने नावानिशी जाहीर करावे. आईने ओळखलेल्या चौघांचा तपास पुढे झाला की नाही, तेही सांगावे. पाच माणसे गमावलेल्या कुटुंबाचा हा हक्क आहे; सहा जण सुटले म्हणून त्यांची तक्रार मिटलेली नाही.

शिवाय, पोलिसांनी गोळा केलेल्या पण आरोपपत्रात न वापरलेल्या कागदपत्रांची यादी आरोपीला मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. ही यादी २००६ पूर्वी देण्याची पद्धत असती, तर अल्बमचा जबाब सत्र न्यायालयातच बाहेर आला असता. आज तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत किती खटल्यांत ती खरोखर दिली जाते, याची आकडेवारी सरकारने येत्या अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवावी. आपल्या वृत्तपत्रानेही ती मागून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक