बांधाच्या वादामागची बापांची गुपितं

मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘बांधाच्या वादातून हाणामारी, दोघे जखमी’ ही चार ओळींची बातमी आपल्या जिल्हा पानावर पेरणीच्या तोंडाला हमखास असते. गाव, गट नंबर, परस्परविरोधी तक्रारी, पुढील तपास हवालदार करीत आहेत, संपलं. मी बार्शी तालुक्यातला निवृत्त तलाठी. (हल्ली या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र आम्ही तलाठीच.) सगळी नोकरी सातबारे आणि फेरफार यांत गेली. बातमीत नेहमी एक गोष्ट राहून जाते, ती सांगण्यासाठी हे पत्र. त्या बांधाच्या अलीकडचा आणि पलीकडचा बरेचदा एकमेकांचे जिवलग असतात, आणि भांडणाचं मूळ त्यांच्या बापांनी पोटात ठेवलेल्या गोष्टीत असतं.

माझ्या माहितीतलं एक प्रकरण सांगतो. नावं देत नाही. एकाला वरच्या अंगाचा म्हणू, दुसऱ्याला खालच्या अंगाचा. रानंही तशीच आहेत, एक माळाकडं, एक ओढ्याकडं. दोघं एका वर्गात शिकले, एकाच वर्षी दोघांची लग्नं झाली. औषध फवारायचा पंप एकच, तो दोन्ही रानांत फिरायचा. तूर विकायला बार्शीला यायचे ते एकाच टेम्पोत, आणि येताना भगवंताचं दर्शन घेऊनच परतायचे. दोघांच्या बायका खुरपणीला सावड करायच्या. गावात कुणी एकाला शोधत आला की लोक दुसऱ्याच्या घराकडं बोट दाखवायचे.

आता जमिनीचं. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखाली गावोगाव योजना राबवल्या गेल्या, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आमच्याकडं लोक त्याला नुसतं ‘गट स्कीम’ म्हणतात. कागदावर तुकडे एकत्र झाले, कुणाची जमीन इकडून तिकडं गेली. पण पुष्कळ शेतकऱ्यांनी प्रत्यक्ष रान काही सोडलं नाही. बापजाद्यांनी दगड वेचून केलेलं रान कागद आला म्हणून कोण सोडेल? असे कागदावर एक आणि वहिवाटीला दुसरे असलेले गट आजही गावोगाव सापडतील.

या दोघांच्या बापांचं तेच झालं. ओढ्याकडचा गट वरच्याच्या बापाच्या नावावर गेला आणि माळाकडचा खालच्याच्या. ते दोघेही एकमेकांचे दोस्तच. मारुतीच्या पारावर बसून त्यांनी ठरवलं, ज्याचं त्यानं कसायचं, कागद गेला उडत. अदलाबदल दस्त करायला मुद्रांकाचा खर्च, वर आणखी कुणी चौकशी काढली तर, ही भीती. शब्दावर भागलं आणि बरीच वर्षं भागतही गेलं.

मग खालच्याच्या बापानं ओढ्याकाठी विहीर पाडली आणि तिला पाणी लागलं. इथं खरी गोम आहे. त्या दिवसापासून दोन्ही म्हाताऱ्यांच्या मनात हिशेब सुरू झाला. एकाच्या मनात, ‘ताबा माझा आहे’. दुसऱ्याच्या मनात, ‘कागद माझा आहे’. दोघांनीही आपापलं हुकमाचं पान दाबून ठेवलं. पारावर एकत्र तंबाखू मळायचे, पण हा विषय पुन्हा कधी निघाला नाही. खालच्याच्या बापानं पोराला काहीच सांगितलं नाही. वरच्याच्या बापानं मात्र शेवटच्या आजारपणात पोराला जवळ बोलावून सांगितलं, आणि वर बजावलं, “त्याच्या ताटात जेव, पण त्याला कागद दाखवू नको. वेळ येईल.” हे मला त्या पोरानंच नंतर सांगितलं. पोरगा तरी कसला, तेव्हा त्याचीच लेकरं शाळेत जात होती.

त्यानं बापाची आज्ञा पाळली. मित्राच्या ताटात जेवत राहिला आणि गप्प राहिला. त्याच्या लेखी ही लबाडी नव्हती, मेलेल्या बापाला दिलेला शब्द होता. आपल्याकडं बापाचा शब्द म्हटला की तो योग्य की अयोग्य हे कुणी विचारत नाही.

गुपित फुटलं ते मोबाईलवर. ई-पीक पाहणी, म्हणजे रानात कोणतं पीक उभं आहे याची नोंद, आता शेतकऱ्यानं स्वतः ॲपवर करायची असते. शेतात उभं राहायचं, गट निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा. खालच्या अंगाचा आपल्या सोयाबीनमध्ये विहिरीजवळ उभा राहून गट निवडत होता आणि ॲप पुन्हा पुन्हा सांगत होतं की तुम्ही निवडलेल्या गटापासून दूर आहात. शेजारी मित्र उभा. हा हसत म्हणाला, “मोबाईल येडा झाला का रं? माझ्याच विहिरीवर मला लांब म्हणतोय.” मित्र हसला नाही. म्हणाला, “माझंबी तसंच होतंय. नेटवर्कचा घोळ असंल.”

म्हटलं तर खरं होतं ते. त्याचंही तसंच होत असणार, कारण तोही कागदावरच्या आपल्या गटात उभा राहत नव्हता. पण त्याला कारण ठाऊक होतं. पुढं खालच्यानं पाइपलाइनच्या कर्जासाठी मोजणी मागवली. भूमी अभिलेखचा मोजणीदार आला, खुणा दाखवल्या आणि विहीर मित्राच्या गटात निघाली. मोजणीचा तो नकाशा, म्हणजे क-प्रत, घेऊन खालचा माझ्या ओट्यावर आला. निवृत्त झालो तरी लोक उतारे वाचून घ्यायला अजून येतात. गट स्कीमचा काय प्रकार असतो तो मी त्याला समजावून सांगितला. त्यानं कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, जमिनीचं बघता यील. पण त्याला ठावं होतं का? एवढंच सांगा.”

मी काय सांगणार? तो उठून सरळ मित्राच्या घरी गेला. मित्रानं नाही म्हटलं नाही.

त्यानंतरचं सगळं तुमच्या बातमीसारखंच. मोटारीचे फ्यूज गायब, पाइप कापलेला, वाटेत आडव्या टाकलेल्या बाभळीच्या फांद्या, पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद, मग दिवाणी कोर्टात दावा आणि मनाई हुकमाचा अर्ज. यात काही नवीन नाही, म्हणून लांबवत नाही. खालच्याच्या बापाचं तेवढं सांगतो. बाजेवर पडल्या पडल्या तो पोराला म्हणायचा, “मी म्हणतच होतो, त्या घराचा भरवसा नको.” म्हणजे स्वतः पारावरच्या बोलीतला निम्मा भागीदार, सगळं ठाऊक असलेला आणि पोराला अंधारात ठेवणारा हाच, आणि विश्वासघाताचा ठपका मात्र दुसऱ्याच्या पोरावर. मी हे त्याच्या तोंडावर बोललो. त्यानं कूस बदलली. म्हातारी मात्र चुलीपुढून म्हणाली, “मी कवाधरनं म्हणत हुते, पोरांना सांगून टाका. आमचं कोण ऐकतंय?” कागदावर बाईचं नाव लागतं ते नवरा गेल्यावर वारस म्हणून; त्याआधी जमिनीच्या बोलण्यात तिला कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर हे प्रकरण पारावरच मिटलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भावकीतलं भांडण मी कमी पाहिलेलं नाही. पण भावाभावांत मामा मध्ये पडतो, आत्या रडून-भेकून दोघांना एका पंगतीला बसवते, आणि काहीच जमलं नाही तर महसूल अधिनियमाचं कलम ८५ आहे, तहसीलदार वाटप करून देतो. मित्रांच्या मध्ये कोण पडणार? उलट दोन्ही बाजूंची भावकी तेल ओतायला तयार असते, कारण या दोघांची दोस्ती कित्येकांच्या डोळ्यांत सलत असते. मित्राला आपलं सगळं ठाऊक असतं, हाही एक धोकाच. शत्रू झाल्यावर कुठं मारायचं ते त्याला विचारावं लागत नाही.

आता यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. या नेमक्या तिढ्यावर सरकारचीच योजना आहे. ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयानं ‘सलोखा योजना’ आली, पुढं तिला मुदतवाढही मिळाली. माझ्या नावची जमीन तुझ्या ताब्यात आणि तुझ्या नावची माझ्या ताब्यात, असं किमान बारा वर्षं चालत आलेलं असेल, तर तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात, चतुःसीमेच्या शेतकऱ्यांच्या सह्या होतात आणि अदलाबदल दस्त नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क नाममात्र १००० रुपये, नोंदणी फी १००० रुपये. दोन्ही गटांच्या क्षेत्रात फरक असला तरी अडत नाही. या दोघांचं प्रकरण तर योजनेत चपखल बसणारं. दोन हजारांत मिटणाऱ्या कामावर दोघांनी वकिलाकडं किती घातले असतील, ते त्यांनाच माहीत.

मी दोघांना वेगवेगळं गाठून योजना सांगितली. वरचा म्हणाला, “बापाला शब्द दिलाय, कागद कसा सोडू?” खालचा म्हणाला, “सही करतो, पण आधी त्यानं चार माणसांत सांगावं की मला सगळं ठाऊक होतं.” योजनेला दोघांची संमती लागते, आणि या टप्प्यावर नेमकी तीच मिळत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की ही योजना वापरायची वेळ भांडणानंतर नाही, आधी आहे. पारावर शब्द देणारे म्हातारे अजून जिते आहेत तोवर. ते गेले की शब्द जातो आणि मागं फक्त संशय राहतो.

महसूल खात्याकडं माझी मागणी छोटी आहे. गावात चावडी वाचन होतं, म्हणजे जमिनीच्या नोंदी गावासमोर वाचून दाखवतात. त्यात फेरफार आणि खातेदारांची नावं घाईघाईनं वाचून उरकण्यापेक्षा, गट स्कीमपासून कागद आणि वहिवाट जुळत नाही असे गट कोणते, हे एकदा गावासमोर उघड वाचावं. जुन्या माणसांना आणि त्यांच्या पोरांना एकत्र बसवून वाचावं. तलाठ्याला हे गट हुडकणं अवघड नाही. गटाचा नकाशा हातात घेऊन एक दिवस शिवारात फिरलं तरी निम्मे कळतात. आणि कारभाऱ्यांनो, तुमच्या पेटीत असा एखादा उतारा असेल, तर तो पोराच्या कानात सांगू नका. शेजाऱ्याला आणि त्याच्या पोराला घरी बोलावून चौघांत काढा. चहा पाजून काढा.

आपल्याकडूनही अपेक्षा आहे. सलोखा योजनेची माहिती आली ती आतल्या पानावर, एकदाच. पेरणीच्या आधी ती पहिल्या पानावर पुन्हा द्या, दस्ताला कुठं जायचं, काय कागद लागतात, सगळं सोप्या भाषेत. हाणामारीची बातमी देतानाही तुमच्या वार्ताहराला एक प्रश्न जास्त विचारायला सांगा: हा वाद कधीपासूनचा, आणि तो आधी कुणाला ठाऊक होता?

पत्र छापलंत तर माझं नाव आणि गाव कृपया छापू नये. दोघांच्याही घरी आपलाच पेपर येतो.

आपला,
एक निवृत्त तलाठी
ता. बार्शी, जि. सोलापूर