रोंकोनचा सूर लागेपर्यंत

प्रिय मित्रा,

गालिसियाची, म्हणजे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातली, गाइता (पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य) घरी आली, पण सूर काही केल्या लागत नाही, असं तू लिहिलंस. वाद्यात खोट नाही आणि तुझ्या कानातही नाही. सनईवर तयार झालेला हात गाइता काखेत घेतली की आधी बोटं चालवायला बघतो, आणि इथे बोटांचं काम सगळ्यात शेवटी येतं. आधी हवा, मग रोंकोन म्हणजे सतत एकच सूर धरणारी नळी, मग पत्ती, मग चाल.

तुझी गाइता दो सुरातली, म्हणजे आपली पांढरी 1. तिला तिकडे ‘रेदोंदा’ म्हणतात. पांढरी 2 ची ‘ग्रिलेइरा’ चढ्या, टोकदार आवाजाची, आणि काळी 5 ची ‘तुम्बाल’ भारदस्त. शिकायला रेदोंदा बरी, कारण सोबत वाजवणारे बहुतेक त्याच सुरात भेटतात.

हवेची परीक्षा अशी कर. पुन्तेइरो (स्वरांची नळी) आणि रोंकोन (खांद्यावरची लांब नळी) काढ, ती तोंडं बुचांनी बंद कर, फोल म्हणजे पिशवी फुंकून घट्ट भर आणि कोपराने दाब. कोपर हळूहळू आत जायला लागलं तर हवा गळते आहे. पहिला संशय सोप्रेतेवर घे. फुंकायच्या त्या नळीच्या आतल्या टोकाला चामड्याची छोटी झडप असते. ती सुकून वाकडी झाली की हवा परत तोंडात येते. त्यानंतर सांधे बघ. त्यांच्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळलेला असतो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि सांधा सैल होतो, तेव्हा दोऱ्याचे एक-दोन वेढे वाढव. तुमच्याकडच्या पावसाळ्यात याच्या उलट होईल: लाकूड फुगेल, सांधा अडकेल. तेव्हा जोर लावून पिळू नकोस, लाकूड तडकतं. वेढे कमी कर.

आता रोंकोन. त्याचा सूर पुन्तेइरोच्या सा च्या बरोबर दोन सप्तकं खाली असतो. त्याची पत्ती म्हणजे ‘पाल्योन’. ती सनईसारखी दुहेरी नसते: बोरूची एक नळी आणि तिलाच चीर देऊन काढलेली एक जीभ. जिभेवर दोरा बांधलेला असतो. तंबोऱ्याच्या जवारीत दोरा सरकवताना जो संयम लागतो, तोच इथे. दोरा जिभेच्या मोकळ्या टोकाकडे नेला की जीभ आखूड होते आणि सूर चढतो. मागे नेला की उतरतो. हे ढोबळ जुळवणं. बारीक जुळवणं नळीच्या तुकड्यांनी करायचं, बाहेर ओढलं की सूर खाली, आत ढकललं की वर. रोंकोन मध्येच गप्प होत असेल तर जीभ फार चिकटून बसली आहे. तिच्या मुळाशी एक केस अडकव, म्हणजे ती किंचित उचलली जाईल. उलट नुसता फसफसाट येत असेल तर ती जास्त उघडी आहे.

पुन्तेइरोची पत्ती ‘पाल्येता’. ही मात्र तुझ्या ओळखीची: बोरूच्या दोन पात्या, मध्ये धातूची नळी. फरक इतकाच, की ती ओठात धरायची नाही, त्यामुळे ओठांनी सूर सावरणं इथे नाही. जे सावरायचं ते कोपराने. दाब वाढला की पुन्तेइरो चढतो आणि रोंकोन जवळजवळ तसाच राहतो, म्हणून नवशिक्याची गाइता सतत स्वतःशीच भांडत असते. तुझं दुखणं मला हेच वाटतं. आठवडाभर फक्त सा धर. श्वास घेताना कोपर दाबायचं, फुंकताना सैल सोडायचं, आणि सा हलता कामा नये.

सा जुळला आणि वरचे स्वर उतरलेले वाटले, तर पाल्येता थोडी आत बसव. वरच्या स्वरांना हवेचा स्तंभ आखूड असल्यामुळे त्यांच्यावर परिणाम जास्त होतो. एखादाच स्वर चढा असेल तर त्या भोकाच्या वरच्या कडेला मधमाशीच्या मेणाचा कण लाव. पत्ती घासायला मात्र घाई नको: अगदी बारीक सँडपेपर, दोन हात फिरव, वाजवून बघ, थांब. जास्त गेलेला बोरू परत येत नाही. आणि जुळवणी नेहमी दहा-पंधरा मिनिटं वाजवून झाल्यावर. थंड वाद्य जुळवलंस तर ते तापल्यावर सगळं चढेल.

सगळी भोकं झाकली की सा येत नाही, त्याखालचा शुद्ध नी येतो. करंगळी उचलली की सा. आवाज कधी तुटत नाही, त्यामुळे एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये निमिषभर दुसरा स्वर घ्यावा लागतो. जुने वादक खालची भोकं झाकून ठेवणारी ‘पेचादो’ बोटं वापरतात. त्याने स्वर सुटे, टपोरे पडतात. तू हीच शीक.

पण नुसती गाइता शिकून गालिसिया कळायची नाही. गाइता सणाची, जत्रेची आणि मुख्यतः पुरुषांच्या हातची. एरवीच्या संध्याकाळी, फोलिआदाच्या बैठकीत, गाणं आणि नाच बायकांच्या पान्देइरेतावर चालत आले. पान्देइरेता म्हणजे खंजिरीची थोरली बहीण: वर कातडं, कडेला ‘फेर्रेन्यास’ म्हणजे पत्र्याच्या टिकल्यांच्या जोड्या. एका हातात ती जवळजवळ उभी धरतात, दुसऱ्या हाताची मूठ मनगटातून फिरते. ओल्या अंगठ्याची कड कातड्यावर घासत नेली की टिकल्यांचा लांब थरार उठतो. कातडं दमट झालं तर अंगठा नुसता घसरतो. ते जरा शेकून घ्यायचं. सोबतीला दोन मोठे शिंपले, पाठीला पाठ लावून खसाखसा घासलेले. त्यांच्या खोबणीच ताल देतात.

मुइन्येइरा या नाचाचं नाव ‘मुइन्यो’ म्हणजे पाणचक्कीवरून आलं. ताल सहा मात्रांचा, तीन-तीन. तू त्याला दादरा समजशील, पण दादऱ्याच्या लाडिक वळणाने वाजवलास तर नाचणाऱ्याचे पाय अडखळतील. दोन्ही खंडांची पहिली मात्रा जमिनीवर पडली पाहिजे. तीन मात्रांचा शोता हा नाच त्यानंतर घे. आणि ‘आलाला’ हा गाण्याचा प्रकार तालाशिवायच ऐक, संथ, मोकळा, आलापासारखा.

ध्वनिमुद्रणं 1904 पासूनची आहेत. पोन्तेवेद्राचे औषधविक्रेते पेर्फेक्तो फेइहो यांच्या ‘आइरेस दा तेर्रा’ या गायनमंडळाची ती गालिसियन भाषेतली पहिली. 1978 हे वर्ष ध्यानात ठेव: ओर्तिगेइरा गावचा लोकसंगीताचा उत्सव त्या वर्षी सुरू झाला, आणि मिल्यादोइरो हा वादकांचा गटही त्याच सुमाराचा. बिगो शहरातला गाइतावादक कार्लोस नुन्येस जगभर पोचला. त्याच्या वादनात चपळाई ऐक, पण बोटं शिकायला सुसाना सेइवानेकडे जा, गाइता बनवणाऱ्या घराण्यातली आहे ती. 1980 च्या दशकातलं बिगोचं रॉक आणि नंतरचं ‘ब्राबू’ हे गावरान रॉक सवडीने ऐकलंस तरी चालेल.

माझ्या मते आजचं सगळ्यात जिवंत काम पान्देइरेतावाल्यांचंच आहे. मेर्सेदेस पेओनने गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून चाली गोळा केल्या आणि त्यांना आजचा आवाज दिला. लेइलिआ या गटाच्या बायकांनी नुसत्या गळ्यावर आणि कातड्यावर मैफल उभी केली. तान्शुगेइरास या तिघींनी 2022 मध्ये बेनिदोर्म फेस्ट या स्पेनमधल्या गाण्याच्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला, पण प्रेक्षकांच्या मतांत पहिल्या त्याच होत्या. बाइउका इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, तरी खालची वीण पान्देइरेताचीच. या मंडळींना हे जमलं, कारण यंत्राचा ठोका त्यांनी हाताच्या डुलीवर बसवला. जिथे उलट झालं, हाताला यंत्राच्या चौकटीत कोंबलं, तिथे मुइन्येइरा कवायतीसारखी वाजते.

वाजवून झालं की पुन्तेइरो काढून पत्ती हवेवर ठेव, फोल उघडा राहू दे. बंद डब्यात ओली पत्ती बुरशी धरते. आठ दिवसांनी नुसत्या सा चं मुद्रण पाठव, पाच मिनिटांचं. रोंकोन हलतो की पुन्तेइरो, ते मी ऐकून कळवतो.

तुझाच
भाऊ