केबल कापली की गावचं चॅनलही जातं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केबलचे ग्राहक झपाट्याने कमी होत असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. त्या कमी झालेल्या घरांत सव्वा महिना आमचंही घर होतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. गेल्या दिवाळीत आम्ही केबल बंद केली आणि डिसेंबर उजाडल्यावर पुन्हा जोडून घेतली.

बंद करण्यात चूक काहीच नव्हती. मुलगा पुण्याहून आला तो नवा टीव्ही घेऊनच. फायबरचं इंटरनेट घरात आधीपासून होतं. तो म्हणाला, "आई, सगळ्या मालिका ॲपवर दिसतात, मग महिन्याला साडेतीनशे रुपये वर कशाला भरायचे?" हिशेब बरोबर होता. त्याने बॉक्स काढला, काळी वायर गुंडाळली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिली.

सासूबाईंचं वय ८६. जुन्या रिमोटवर माझ्या मुलीने त्यांच्यासाठी टिकल्या लावून ठेवल्या होत्या, चालू-बंदच्या बटणावर लाल आणि आवाजाच्या बटणावर हिरवी. चॅनलची नावं त्या कधीच घेत नाहीत, त्यांना आकडे पाठ आहेत. एका आकड्यावर कीर्तन, एकावर मालिका, एकावर बातम्या. नव्या टीव्हीला आकडेच नाहीत. लावला की आधी चित्रांची रांग येते, मग "कोण बघतंय?" असं विचारून चार गोल समोर येतात, मग बाण दाबत उजवीकडे जायचं, मग खाली यायचं. पहिले दोन दिवस सासूबाई त्या रांगेसमोर बसून राहिल्या, कुणी येऊन लावून देईपर्यंत. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी टीव्ही लावा म्हणणंच सोडलं. आम्हाला वाटलं, थंडीमुळे लवकर झोपत असतील. महिना झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "आपल्या सांगलीचं लागत नाही का गं आता?"

केबल गेली की मालिका जात नाहीत, त्या दहा वाटांनी घरात येतात. आपल्या गावाचं जे चॅनल असतं त्याला मात्र दुसरी वाट नाही, आणि जाणकारांच्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही. ज्यांच्या घरी ते कधी लागलंच नाही त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी अर्धा तास गावच्या बातम्या. मार्केट यार्डात हळदीला आणि बेदाण्याला काय दर निघाला. उद्या कुठल्या भागात पाणी येणार नाही. कोण वारलं आणि रक्षाविसर्जन किती वाजता. संस्थान गणपतीचं पाचव्या दिवशीचं विसर्जन सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही क्षण न गाळता. गुडघ्यांमुळे सासूबाईंना बाहेर पडता येत नाही. त्यांना गाव दिसतं ते याच चॅनलवर.

आणि ऑगस्ट २०१९चा महापूर. तेव्हा आम्हीही सगळे त्याच चॅनलसमोर बसलो होतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागेत, म्हणजे उंचावर, पण माझी नणंद नदीजवळच्या गावभागात. मोबाइलवर दर पाच मिनिटांनी नवा संदेश यायचा: कोयनेचे दरवाजे अमुक इतके उघडले, धरणाला तडा गेला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणवाल्यांनी पाणी अडवलं. खरं काय नि खोटं काय, कळायला मार्ग नव्हता. चॅनलवर मात्र पुलाच्या अलीकडे थांबलेला एक मुलगा तासातासाला पातळी सांगत होता आणि कॅमेरा पट्टीवरच्या आकड्याकडे वळवून दाखवत होता. तो मुलगा गावचा होता, उद्या रस्त्यात भेटणार होता, त्यामुळे वाटेल ते बोलून त्याला चालणार नव्हतं. ते बघूनच आम्ही नणंदेला वेळेत घरातून काढलं. ज्या भागात पाणी शिरलं तिथे वीज गेली, केबलही गेली, हे खरं. पण पाणी शिरण्याआधीचे जे तास हातात असतात, ते त्या चॅनलने आम्हाला दिले.

असं चॅनल उभं कसं राहिलं आणि आता का आचके देतंय, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १९९१च्या आखाती युद्धानंतर गच्च्यांवर डिश दिसू लागल्या, १९९२च्या ऑक्टोबरात झी सुरू झालं आणि आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर कंट्रोल रूम थाटली. १९९५ला केबलचा कायदा आला. केबलचालकाची नोंदणी हेड पोस्टात व्हायची, शुल्क ५०० रुपये. त्या काळात तारेतून येणारा सिग्नल साधा असल्यामुळे त्यात स्वतःचं एखादं चॅनल घालणं केबलचालकाच्या हातात होतं. एक व्हीसीआर, त्याचं चित्र तारेत सोडणारा एक मॉड्युलेटर, झालं चॅनल. शाळेचं स्नेहसंमेलन आणि तालमीतल्या कुस्त्या आम्ही त्यावर बघितल्या.

मग डिजिटायझेशन आलं, मुंबईत २०१२च्या अखेरीस आणि आपल्याकडे त्यानंतर. चित्र स्वच्छ झालं, ते चांगलंच झालं. पण आता सिग्नल वरच्या मोठ्या कंपनीच्या हेडएंडवरूनच, म्हणजे मुख्य केंद्रावरूनच, कुलूपबंद होऊन येतो आणि घरातल्या बॉक्समध्ये उघडतो. मधल्या केबलचालकाला त्यात काही घालता येत नाही. गावचं चॅनल चालवायचं तर त्या कंपनीकडे जागा मागायची. सरकारने २०२२मध्ये अशा चॅनलच्या नोंदणीचे नियम केले, शुल्क चॅनलमागे १,००० रुपये. ते कुणालाच जड नाही. जड जातं ते कंपनीकडून जागा मिळवणं आणि टिकवणं.

त्यात दरांचा घोळ. १ फेब्रुवारी २०१९पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दररचना लागू झाली. तेव्हा १३० रुपये मूळ आकार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे नुसते तार घरात आहे म्हणून. प्रत्येक पेड चॅनलचे पैसे वेगळे. हवं तेवढंच घ्या आणि तेवढ्याचेच भरा, असं सांगितलं होतं, आणि कल्पना वाईट नव्हती. प्रत्यक्षात आकडेमोड करायला कुणाला जमलं नाही, लोकांनी बुके, म्हणजे चॅनलचे तयार संच, घेतले आणि बिलं फुगली. शिव्या मात्र दारात वसुलीला येणाऱ्या केबलचालकाने खाल्ल्या. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर त्या मूळ आकारातले ४५ टक्के त्याचे, बाकी वरच्या कंपनीचे. चॅनलच्या दराशी त्याचा संबंध नाही, पण ग्राहकाला तोंड द्यायला तोच. आणि मग २०२३ची आयपीएल मोबाइलवर फुकट दिसली, केबलवर तेच सामने बघायला पैसे. अशा वेळी माणसाने केबल का ठेवावी, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. केबल वितरकांच्या संघटनेने ईवाय या संस्थेबरोबर केलेल्या अहवालात म्हटलंय की, केबल आणि डीटीएच मिळून पैसे भरणारी घरं देशात २०१८ला १५.१ कोटी होती, ती २०२४ला ११.१ कोटींवर आली. सहा वर्षांत चार कोटी घरं.

डिसेंबरात केबलवाल्या दादांना परत बोलावलं. गुंडाळलेली वायर बघून ते काही बोलले नाहीत. टोक कापलं, वरचं काळं आवरण सोललं, आतली जाळी बोटांनी मागे दुमडली, तांब्याची तार नखाएवढी बाहेर ठेवली आणि कनेक्टर दाबला. दोन मिनिटांचं काम. बॉक्स सुरू झाला तेव्हा आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "आज्जी, तुमचं चॅनल आलं बघा." जाताना दारात मला म्हणाले, "वहिनी, एके काळी पावणेचारशे घरं होती माझी. आता एकशे चाळीस आहेत. त्यातली निम्मी अशीच, आज्जी-आजोबांची." ते आता त्याच खांबांवरून इंटरनेटही देतात आणि घर त्यावरच चालतं. बॉक्सची घरं शंभराच्या खाली आली की केबल चालवणं परवडणार नाही, असा त्यांचा हिशेब आहे.

केबल वाचवा असं मला म्हणायचं नाही. माझ्या मुलाच्या वयाची माणसं केबल ठेवणार नाहीत, त्यांच्यावर सक्ती कुणी करू नये. माझं म्हणणं एवढंच आहे की गावचं चॅनल केबलबरोबर बुडू देऊ नका, त्याला नव्या तारेवर जागा द्या.

यूट्यूबवर टाका, असं लगेच सुचवलं जातं. आमच्या चॅनलने टाकून बघितलं आहे. पण चॅनल चालतं ते जाहिरातींवर, आणि साडीचं दुकान, सराफ, क्लासवाले जाहिरात देतात ती बघणारा गिऱ्हाईक गावातलाच आहे या खात्रीवर. यूट्यूबवरून मिळणाऱ्या पैशात कॅमेऱ्याच्या मुलाचा पगारही निघत नाही. शिवाय सासूबाईंच्या वयाच्या माणसाने ते शोधायचं कसं?

जागा देता येते, हे कायद्यानेच दाखवून दिलेलं आहे. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं केबलवर आज सक्तीचं आहे. मग जी कंपनी गावात फायबर टाकून टीव्हीची सेवा देते, तिने त्या गावच्या नोंदणीकृत चॅनलला पहिल्या पानावर जागा द्यावी, असा नियम करायला काय अडचण आहे? दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं. त्यावर खासगी वाहिन्याही थेट दिसतात. जिल्ह्याचं नाव दाबलं की त्या जिल्ह्याची स्थानिक चॅनल यावीत, एवढी सोय तिथे करता येईल. आमच्या खासदारांनी आणि आमदारांनी ही मागणी लावून धरावी.

आणि जे दिल्लीला विचारावं लागत नाही, ते इथेच करता येईल. पावसाळ्याच्या तोंडावर जिल्हा प्रशासनाच्या आणि महापालिकेच्या पूरनियंत्रणाच्या बैठका होतात. त्या बैठकांना या वेळी स्थानिक चॅनलच्या आणि केबलचालकांच्या माणसांना बोलवा. आयर्विनची पातळी आणि धरणांचा विसर्ग नियंत्रण कक्षातून थेट त्यांच्याकडे जाऊ द्या, दर तासाला, अधिकाऱ्याच्या नावानिशी. महापालिकेच्या पाण्याच्या आणि लसीकरणाच्या सूचना तिथे पैसे देऊन लावा, म्हणजे चॅनलला महिन्याचा आधार होईल. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत हे व्हायला हवं, कारण ऑगस्टात पाणी चढायला लागल्यावर बैठक बोलावून उपयोग नसतो.

आपली नम्र,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली