हळीव बाळंतिणीपुरतेच का?

संपादक महोदय,

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर स्त्रीला २९; तरीही सर्वांची पाने उठल्यावर उरेल ते बाईने खायचे, ही रीत आमच्या माण-खटावकडे अजून पुरती मोडलेली नाही.

लोह देणारी बाजरी, मटकी, हळीव घरात असतात, पण हळीव बाळंतिणीच्या लाडवापलीकडे जात नाहीत. धान्य-कडधान्यांतील लोह मुळातच कमी शोषले जाते. मटकीला मोड आणले, तर शोषण अडवणारे फायटेट घटते आणि उसळीवर लिंबू पिळले, की ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक अंगी लागते. याउलट जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यावर बरेचसे पाणी फिरवतो. (रानातली न्याहारी चहाविना होत नाही, हे मान्य, पण तो तासाभराने घ्यावा.) गुळाचा मात्र उगाच बोलबाला आहे, चहातल्या खड्यातून मिळणारे लोह नगण्यच. रक्तक्षय जडल्यावर केवळ आहार पुरत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्याच लागतात. आरोग्य उपकेंद्रांत त्या देतानाच चहाची वेळही आवर्जून सांगितली जावी, ही विनंती.

— एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)