सहा नंबरचा गळ आणि तुझी वही

प्रिय पोरी,

तुझं नाव लिहायचं नाही अशी तुझी अट आहे, ती पाळतोय. पण माझ्या दुकानाची वेबसाईट नीट करून दिलीस त्याचे आभार मात्र चारचौघांत मानणार. घरात मानले की तू "अहो काका, त्यात काय" म्हणतेस आणि चहा मागतेस. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

गेल्या जूनमध्ये तू पहिल्यांदा माझ्या गळ-रीलच्या दुकानात आलीस तो दिवस मला आठवतो, कारण सकाळपासून एकही गिऱ्हाईक नव्हतं. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी ओळीने उभ्या, आणि पाऊस असा की छत्री उघडायची लाज वाटावी. तुला बाबांसाठी रील हवं होतं. एसटीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना भाट्याच्या पुलाजवळ गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचं खूळ लागलंय, आणि घरात सांगतात की फिरायला जातो. रील घेतलंस, पैसे दिलेस आणि जाता जाता म्हणालीस, "काका, तुमची वेबसाईट फोनवर वाचता येत नाही."

मी म्हटलं, येते की! काउंटरवरच्या जुन्या संगणकावर उघडून दाखवली. तिथे सगळं झकास. मग तू तुझा फोन माझ्यासमोर धरलास. नुसते चौकोन, टिंबं आणि कुठल्यातरी परक्या लिपीतले तुकडे. दोन वर्षं मी प्रत्येक बिलाच्या खाली त्या साईटचा पत्ता छापत होतो. म्हणजे दोन वर्षं लोकांना चौकोन वाचायला पाठवत होतो.

साईट करून देणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. तो मुळात फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणारा. छपाईच्या जुन्या फाँटात त्याने सगळा मजकूर टंकला. तो फाँट माझ्या संगणकात होता म्हणून मला मराठी दिसायचं. ज्याच्याकडे नाही त्याला दिसणार कसं? जो मजकूर मोठा आणि सुंदर हवा होता तो त्याने चित्र करून चिकटवला होता. चित्रातली अक्षरं शोधून दुकानापर्यंत कोणी पोहोचत नाही, हे तू मला दोनदा समजावलंस. तिसऱ्यांदा मला कळलं. मग तू सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या अक्षरांत, घेतलंस आणि मुक्ता फाँट लावलास. ओळींमधली जागाही वाढवलीस, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर बसत होते.

पण आभार मानायचं खरं कारण हे नव्हे. ते काम दुसऱ्या कोणीही केलं असतं.

दुरुस्तीला हात घालायच्या आधी तू म्हणालीस, मला दोन दिवस दुकानात बसू द्या. मला वाटलं, हिला पावसात घरी करमत नसेल. तू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलीस, मांडीवर शाळेची दोनशे पानी वही. जो येईल तो काय विचारतो ते शब्दाला शब्द लिहीत होतीस. "जिताड्याला कुठला गळ?" "चाळीसचा तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) किती किलो धरतो?" "रील खाऱ्या पाण्यात खराब होईल का?" "रॉड गाडीत मावेल ना?" एक आजोबा तर, "पाऊस कधी थांबेल?" तेही लिहिलंस. मी उत्तरं देत होतो तीही लिहिलीस, मध्ये मी शिव्या घातल्या त्या सोडून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही माझ्यासमोर ठेवून म्हणालीस, "यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुमच्या साईटवर नाहीये." मी माझी साईट परत वाचली. 'आमच्या दुकानात आपले सहर्ष स्वागत आहे' ही पट्टी उजवीकडून डावीकडे धावत होती. 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय.' 'ग्राहक हाच परमेश्वर.' परमेश्वराला गळाचा नंबर मात्र कुठेच सांगितला नव्हता.

त्या गळाच्या नंबराने माझं किती नुकसान केलं होतं ते तुला ठाऊक आहे. कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाने जिताड्यासाठी फोनवरून दहा नंबरचे गळ मागवले. मी निमूटपणे पाठवले. पार्सल मिळाल्यावर त्याचा फोन, "काका, यानं डास धरायचेत का?" त्याची चूक नव्हती. नंबर वाढला की वस्तू मोठी होणार, हे शहाण्या माणसाला वाटतंच. गळाचं उलटं आहे. एकपेक्षा सहा नंबर लहान, सहापेक्षा दहा लहान. एकच्या दुसऱ्या बाजूला शून्याची माळ लागते, १/०, २/० अशी, आणि तिथे मात्र आकडा वाढेल तसा गळ मोठा होत जातो. मुडदुशीला सहा-आठ नंबर पुरतो, जिताड्याला ५/० हवा. चाळीस वर्षं गळ विकतोय, त्यामुळे हे सांगावं लागतं हेच मी विसरून गेलो होतो.

तू आलेखाचा कागद आणलास. त्यावर एकेक गळ ठेवला, शेजारी एक रुपयाचं नाणं, आणि दुकानाच्या पायरीवर ढगाळ उजेडात फोटो काढलेस. ऊन नको म्हणालीस, गळ चमकतो आणि टोक दिसत नाही. त्या एका पानाने माझे निम्मे फोन कमी केले असतील. आता कोणी विचारलं की मी तेच पान पाठवतो.

फोटोंवरून आठवलं. जुन्या साईटवर पहिलंच चित्र होतं एका गोऱ्या माणसाचं, टोपी घातलेला, हातात हिरवट, मोठ्या तोंडाचा मासा. तू विचारलंस, "काका, हा मासा आपल्या काजळी नदीत मिळतो?" मी म्हटलं, छे, हा अमेरिकेतल्या गोड्या तळ्यातला बास. "मग इथे कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानात आलेल्या माणसाला असा परका मासा दाखवला असता तर तो हसला असता, आणि साईटवर मी त्याला मानाच्या जागी बसवला होता. आता तिथे आपली तांबोशी आहे, ताडपत्रीवर ठेवलेली, बाजूला फूटपट्टी. फोटोत माझ्या चपलेचा अंगठाही आलाय. तो काढायला सांगितला तर म्हणालीस, राहू दे, खरं वाटतं. मला अजून ते पटलेलं नाही.

माशांच्या नावांचा घोळ तर मला कधी सुचलाच नसता. आमच्या तोंडी जिताडा. खाली गोव्यात गेलात की तोच चोणक. बंगाल्यांची भेटकी, आणि यूट्यूब बघून शिकलेल्या पोरांची बारामुंडी. मासा एक आणि त्याला शोधणारे चार प्रकारचे लोक. तू त्या पानावर चारही नावं घातलीस. सूची करून नाही, तर मी बोलतो तसं: "आम्ही याला जिताडा म्हणतो, गोव्याची मंडळी चोणक." मग प्रत्येक माशाच्या पानाला तोच नियम लावलास. पणजीहून पहिल्यांदा मेसेज आला, 'चोणकाक खंयचो गळ?' तेव्हा मी तो तुला लगेच पुढे पाठवला होता, आठवतं? तू फक्त अंगठा पाठवलास.

किमतींवरून आपण भांडलो. मी म्हणत होतो, किमती लिहिल्या की समोरचा दुकानदार वाचेल. तू म्हणालीस, "तो रस्ता ओलांडून विचारू शकतो. पुण्यातला माणूस ओलांडू शकत नाही." मी दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी किमतींचा कागद तुझ्या हातात ठेवला. समोरच्याने वाचल्या असतीलच. वाचू दे.

गाडी, म्हणजे ते खरेदीचं कार्ट, मला हवं होतं. मोठ्या कंपन्यांच्या साईटवर असतं तसं आपल्याकडेही असावं अशी हौस होती. तू विचारलंस, महिन्याला पार्सलं किती जातात? चार-पाच. "मग व्हॉट्सॲपचं बटण पुरे." तू तुझ्याच कामाला कात्री लावत होतीस, हे मला नंतर उमगलं. त्याऐवजी प्रत्येक रॉडखाली दोन लांब्या लिहायला लावल्यास, एक जोडल्यावरची आणि एक सुटी केल्यावरची. सात फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड साडेतीन फुटांत बसतो, पीव्हीसी पाइपात घालून दोन्ही तोंडं बंद केली की कुरियरवाल्याने आपटला तरी वाकत नाही. अखंड रॉड आम्ही पाठवत नाही, तो दुकानात येऊन न्यावा. ही दोन वाक्यं मी रोज फोनवर बोलत होतो, पण लिहायची अक्कल नव्हती.

मालक कोण, पत्ता काय, माल कुठल्या देशात बनला, परत घेणार की नाही, तक्रार कोणाकडे करायची, हे सगळं लिहिलंच पाहिजे, २०२० पासून ऑनलाइन विक्रीला तसा नियम आहे, हेही तूच सांगितलंस. त्या निमित्ताने जीएसटीची कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा तू हसून हसून बेजार झालीस, कारण रॉड, गळ आणि रील सरकारी यादीत ९५ व्या प्रकरणात आहेत, खेळण्यांच्या आणि खेळाच्या सामानाच्या शेजारी. माझी बायको तीस वर्षं हेच म्हणते आहे.

सगळ्यात वाईट काम तू सगळ्यात शांतपणे केलंस. साईटचं नाव माझं नव्हतंच, छपाईवाल्याने ते स्वतःच्या खात्यावर घेतलं होतं. मुदत संपायला सात आठवडे उरले होते आणि तो फोन उचलत नव्हता. मी भांडायला निघालो होतो. तू म्हणालीस, भांडलात तर नाव जाईल. त्याच्या दुकानात जाऊन बसलीस, दोन चहा प्यायलीस, आणि नाव हलवायचा कोड घेऊन आलीस. आता ते माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर आहे, आणि मुदतीची तारीख तू कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून गेलीस. जुन्या साईटवर 'संपर्क' म्हणून एक फॉर्म होता, तो कुठे जातो हे मला कधी कळलं नव्हतं. तो ज्या पत्त्यावर जात होता ती पेटी तू उघडलीस. त्यात लोकांची विचारणा पडून होती, काही दीड वर्ष जुनी. एकाने लिहिलं होतं, 'नारळी पौर्णिमेच्या आधी मिळेल का?' मी त्या सगळ्यांना उत्तरं लिहिली. त्या माणसालाही. त्याने कळवलं, मिळालं हो, दुसरीकडून.

भरतीचं पान मात्र माझं, हे मान्य कर. तू कुठलं तरी तयार यंत्र चिकटवणार होतीस, ते उघडायला इतका वेळ लागायचा की तोवर ओहोटी लागावी. मी म्हटलं, तिथीची पाऊणपट कर. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. पुलाखाली उभं राहणाऱ्याला एवढं पुरतं; खाडीत आत जाल तसं थोडं उशिरा धरायचं. तू वहीत गणित करून पाहिलंस, रोज पंचेचाळीस मिनिटं पुढे, आणि पहिल्यांदाच मला तुझ्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं. मग उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरक मी सांगत गेलो आणि तू तो जसाच्या तसा टाकलास, माझ्या 'बरं का'सकट. खाली तुझी एक ओळ: हा अंदाज आहे, होडी काढणाऱ्यांनी अधिकृत भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं. लोक आता हेच पान एकमेकांना पाठवतात. त्यात विकायला काहीच नाही.

धावती पट्टी गेली, पाहुण्यांचा आकडा मोजणारं घड्याळ गेलं, सनईही गेली. सनईचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. फोनमधून थेट चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो तू इतके लहान केलेस की साखरतरला एका काडीच्या नेटवर्कवरही पान उघडतं. पण माझ्या वडिलांचा फोटो, तो गळ्यात पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकलेला, काढायचं तू एकदाही सुचवलं नाहीस. उलट खाली काय लिहू विचारलंस. मी दोन परिच्छेद सांगितले. तू एक ओळ ठेवलीस: 'यांनी पाग विणायला शिकवला, विकायला आम्ही शिकलो.' हे मी कधी म्हणालो होतो मला आठवत नाही. तुझ्या वहीत होतं.

पैसे तू घेतले नाहीस. ही माझी तक्रार आहे आणि ती मी इथे लेखी नोंदवतो. तंगुसाची दोन रिळं नेलीस तीही बाबांसाठी, आणि त्यांचे पैसे गल्ल्याखाली ठेवून गेलीस. मला दोन दिवसांनी झाडताना सापडले.

तू पुण्याला गेलीस तरी ती वही दुकानातच आहे. गिऱ्हाइकाने नवं काही विचारलं की मी लिहून ठेवतो. परवा एका पोराने विचारलं, रील धुवायचं कसं? गोड्या पाण्याने, हलक्या हाताने. जोराची धार मारली की मीठ आत जातं. हे साईटवर नाही, घालायचं आहे. कसं घालतात ते तू दाखवलं होतंस, पण माझ्याकडून होत नाहीये. 'जतन करा' दाबलं की फोटो आडवा होतो.

गणपतीत येशील तेव्हा बघ. तुझ्या बाबांचं रील मी उघडून, तेल घालून ठेवलंय. दांडा कुरकुरत होता, तो आता कुरकुरत नाही. त्यांना म्हणावं, येऊन घेऊन जा. आणि घरी फिरायला जातो म्हणून सांगत असाल तर निदान मासा तरी पिशवीत झाकून आणा.

तुझा,
गळवाला काका