रविवारी पद्मिनीचं इंजिन स्टँडवर सुरू करायचं आहे

सदस्यहो,
प्रीमियर पद्मिनीचं ओव्हरहॉल झालेलं १०८९ सीसी इंजिन गाडीत चढवण्याआधी येत्या रविवारी सकाळी ८ वाजता आपल्या शेडमध्ये चालवून बघायचं आहे. गळती असेल तर ती स्टँडवरच दिसलेली बरी.

• प्लग काढून, ऑइल प्रेशर गेजवर येईपर्यंत फक्त स्टार्टर मारायचा. सलग १० सेकंदांपेक्षा जास्त नको, स्टार्टर तापतो.
• टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) आधीच लावा, कार्बोरेटरचा बाउल पेट्रोलने भरून घ्या. नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट (कॅमवर टेकून ती हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) कोरडे घासता कामा नयेत, म्हणून इंजिन पहिल्या झटक्यात उठायला हवं.
• उठताच आरपीएम २००० च्या आसपास, २० मिनिटं. आयडलवर (रेस न देता, कमी वेगात) अजिबात सोडू नका: कॅमवर तेल उडतं ते क्रँकच्या वेगामुळे, आणि कॅमचे लोब (उंचवटे) पहिल्या काही मिनिटांतच खराब होतात.
• प्रेशर पडलं किंवा खडखड आली की लगेच बंद. विचारत बसू नका.

झिंकवालं ब्रेक-इन ऑइल (नवे भाग रुळेपर्यंत वापरायचं तेल), रेडिएटर आणि मोठा पंखा शेडमध्ये आहे. अग्निशामक सिलिंडर मात्र कोणीतरी नक्की आणा. पेट्रोलचा कॅन सायलेन्सरच्या बाजूला ठेवायचा नाही. सैल कपडे, ओढणी, मफलर नको. फॅनबेल्ट उघडा असतो.