ओठातला कुंचला

सावंतवाडी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो आईने मोठा करकरून पाहिला. तिला तुझ्या गळ्याची हाडं दिसली, मला ओठात धरलेला कुंचला दिसला. त्यावर लिहिणार नव्हतो, मागच्या फोनवर तू वैतागली होतीस. राजाचं लघुचित्र मात्र झकास उतरलंय. पगडीच्या घड्या एका दमात ओढल्यास, ते इथूनसुद्धा कळतं. शेजारच्या काकांनाही दाखवला फोटो. त्यांना काय कळतंय म्हणा.

आता चेहरा. आपल्या गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या, पानावरचा राजा म्हणजे कुणी एक खरा माणूस नव्हे. दशावतारी डावाच्या १२० पानांत दहा राजे आणि दहा प्रधान, वराह-नरसिंह सोडले तर सगळ्यांना एकच नाक. तुझ्या हाताला तीच सवय. शबीह म्हणजे व्यक्तिचित्र, ते एकाच माणसाचं असतं. जहांगीराने १६१३ साली इराणला वकील धाडला, त्याच्यासोबत चित्रकार बिशनदासला पाठवलं ते तिथल्या शाह अब्बासचा चेहरा हुबेहूब आणायला. नुसत्या मिशा रंगवायच्या असत्या तर त्या आग्र्यात बसूनही झाल्या असत्या. एकचश्म, म्हणजे एकच डोळा दिसणाऱ्या बाजूच्या चेहऱ्यात सगळी ओळख कपाळापासून हनुवटीपर्यंतच्या एका रेषेत. गेरूची ती रेषा सफेद्याच्या, म्हणजे पांढऱ्या रंगाच्या, पातळ हाताखालून पुसट दिसते, तेव्हाच पक्की कर. अंगरंग चढल्यावर नाक सुधारायला गेलीस की गाल मळलाच.

तुझ्या राजाच्या गालावरचा रंग भुकटीसारखा दिसतोय. डिंक कमी पडलाय. आपल्याकडे पानावर वरून लाखेचा हात बसतो, म्हणून निभावतं. लघुचित्रावर वर काहीच नसतं. रंग वाळला की कडेला हलकं बोट फिरव. बोटाला लागला तर डिंक कमी, बारीक चिरा दिसल्या तर जास्त. दर थरानंतर वसली, म्हणजे चित्राचा तो चिकटवलेल्या कागदांचा पुठ्ठा, गुळगुळीत संगमरवरावर पालथी घाल आणि पाठीवरून अकीकाच्या दगडाने घोट. मोती सगळ्यात शेवटी, घोटून झाल्यावर. आधी घातलेस तर दाट सफेद्याचे ते उंच ठिपके चेपतात आणि माळ भाताच्या शितांसारखी दिसते.

मग परदाज, म्हणजे बारीक रेघांनी छटा भरणं. कुंचला जवळजवळ कोरडा, खारीच्या केसाचं एकच टोक, आणि केसाएवढ्या रेघा शेजारी शेजारी. चार रेघांत टोक फाकतं, आणि नेमका तिथेच हात तोंडाकडे जातो. पिवळ्या हरताळात सोमलाचं विष असतं गो, लाल हिंगुळात पारा. एका दिवसात काही होत नाही, म्हणून तर सवय लागते. गुरुजी म्हणतील, आम्ही जन्मभर असंच केलं. त्यांना उलट बोलू नकोस. डाव्या हाताशी ओल्या मलमलीची चिंधी ठेव, टोक तिच्यावर फिरव. लहानपणी तू लाखेचे तुकडे गूळ समजून चघळायचीस, आजी तोंडात बोट घालून काढायची, आणि तू तिलाच चावायचीस. तेव्हापासून तुझ्या तोंडात काय आहे हे बघणं हेच या घराचं काम झालंय.

झाली पुन्हा शिकवणी सुरू. रागावू नकोस. तू आता माझ्या पुढे गेलीयेस, चेहरे मला कधीच जमले नाहीत.

चतुर्थीला येताना चित्र आणू नकोस. इथल्या दमट हवेत वसली वाकते, डिंक ओलावा धरतो, आणि वर ठेवलेला कागद चिकटला तर गालाचा रंग घेऊनच निघतो.

आईने तिसऱ्यांचे शिंपले उकळून, घासून पाठवलेत, रंग कालवायला. फुटू नयेत म्हणून भाताच्या तुसात भरलेत. हरताळाचा शिंपला वेगळा ठेव, पाठीवर खूण कर. कुंचले धुवायचं भांडं पिण्याच्या तांब्याजवळ नको. जेवायच्या आधी नखं घास. दुसरं काही सांगायचं नाही.

तुझे बाबा